वावडे आणि सोबती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या प्रत्यक्ष सहवासाचा योग मला आला नाही. परंतु आपल्या पेशातील ज्ञान सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत त्याच्याच भाषेत पोहोचले पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, हे चालकांकडून कळल्यावर विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. लहान मुलांच्या दुखण्याखुपण्यात ज्याची उमेदीची सारी वर्षे गेली त्या माझ्यासारख्या माणसाला एक प्रश्न इतक्या आयांनी आणि इतक्या वेळा विचारला आहे की, त्याचे नीट, सावकाश उत्तर एकदा तरी द्यावे ही इच्छा मनात फार दिवस होती. मूल मांडीवर असते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीतले कातडे लाल व खरबरीत झालेले असते, खाजवून खाजवून त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटलेले असतात, आणि रात्री झोपेत त्याने स्वतःला ओरबाडू नये म्हणून आईने त्याच्या इवल्या मुठींवर जुने पायमोजे चढवून नाडीने बांधलेले असतात. ती म्हणते, "डॉक्टर, आम्ही घर इतकं स्वच्छ ठेवतो, पाणी उकळून देतो, ह्याला जमिनीवर ठेवतसुद्धा नाही. मग ह्यालाच हे का व्हावं?"

ह्या प्रश्नातील वेदना खरी आहे. पण ह्या प्रश्नात एक गृहीतही आहे. जंतू म्हणजे शत्रू, आणि शत्रू जितका दूर तितके मूल सुरक्षित, हे ते गृहीत होय. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे सत्य शोधून काढण्यात वैद्यकशास्त्राची जवळजवळ २०० वर्षे गेली. त्या शोधाची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

प्रथम आपल्या भाषेतील दोन शब्दांकडे वळू. ज्याला आज सर्रास ॲलर्जी म्हणतात त्याला आपल्याकडे फार जुना आणि नेमका शब्द आहे: वावडे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला कोळंबीचे. आणि त्याच्या उलट जी अवस्था, तिलाही आपल्याकडे तितकाच सुरेख शब्द आहे: मानवणे. अन्न मानवते, हवा मानवते, गाव मानवते. ह्या दोन शब्दांपैकी आपले सारे लक्ष आजवर पहिल्यावर खिळले. हे वावडे कोठून आले, असे आपण विचारतो. परंतु खरा चमत्कार दुसऱ्या शब्दात आहे. रोज आपण शेरभर परकी द्रव्ये पोटात घालतो, श्वासाबरोबर परागकण, बुरशीचे कण आणि धुळीतल्या किड्यांचे अंश ओढून घेतो, आणि तरीही बहुतेकांना त्यातले काहीही बाधत नाही, हे कसे? मानवणे ही जन्मजात देणगी आहे, की देहाला ती कोणी शिकवावी लागते? आणि शिकवावी लागत असेल, तर शिकवितो कोण?

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले प्रतिविष दुसऱ्यांदा टोचताच काही मुलांच्या अंगावर गांधी उठतात, ताप येतो, सूज येते, म्हणजे पहिल्या भेटीने देहाची वागणूकच पालटून गेलेली असते, हे त्यांनी पाहिले. आणि 'निराळी प्रतिक्रिया' अशा अर्थाचे ग्रीक शब्द जोडून त्यांनी हे नाव दिले. ही पालटलेली वागणूक रक्तात राहते याचा पुरावा १९२१ साली मिळाला, आणि तो ज्या रीतीने मिळाला ती ऐकण्यासारखी आहे. हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरांना शिजविलेल्या माशाचे तीव्र वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रवाचा एक थेंब कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना मासा उत्तम मानवत असे; पण थोड्याच वेळात कातडीच्या तेवढ्याच भागावर लाल, फुगीर गांधी उठली. एका माणसाचे वावडे दुसऱ्याच्या पोटावर रुपयाएवढ्या जागेत उसने आले होते. हे घडविणारे रक्तातील द्रव्य कोणते हे उलगडण्यास आणखी ४५ वर्षे लागली. १९६६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने ते वेगळे ओळखले, आणि आज आपण त्याला इम्युनोग्लोब्युलिन-ई म्हणतो.

त्याचे कार्य समजण्यासाठी जुन्या संस्थानी बंदोबस्ताचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कातडी, नाक, श्वासनलिका, आतडे ह्या देहाच्या सरहद्दी आहेत, आणि तेथे मास्ट पेशी नावाची शिबंदी ठाण मांडून असते. इम्युनोग्लोब्युलिन-ई म्हणजे एखाद्या विशिष्ट परक्याचा हुलिया लिहिलेला हुकूमनामा. तो ह्या शिपायांच्या अंगावर चिकटून राहतो. हुलिया जुळणारा कोणी सरहद्दीवर आला की शिपाई आपला सारा दारूगोळा, त्यात मुख्यतः हिस्टामाइन, एकदम उधळतो. मग शिंका येतात, डोळे गळतात, छाती आवळते, अंगावर पित्त उठते. आतड्यांतील जंतांसारख्या खऱ्याखुऱ्या घुसखोरांशी लढण्यासाठी ही व्यवस्था उत्क्रांत झाली असावी असे मानतात. मग तिने शेंगदाण्याच्या आणि परागकणांच्या नावाने हुकूमनामे का काढावेत?

ह्या कोड्याची पहिली खूण एकोणिसाव्या शतकातच दिसली होती. इंग्लंडमध्ये जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली स्वतःच्याच उन्हाळी पडशाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे १८२८ साली असे आणखी २८ रोगी त्यांनी जमविले. हा आजार सुखवस्तू वर्गातच आढळतो, गरिबांत नाही, असे त्यांनी नमूद केले. त्यानंतर मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅक्ली आले. हेही त्याच विकाराने पीडित. त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून उंच आकाशात सोडल्या, तेथेही परागकण तरंगतात हे मोजून पाहिले, आणि हा विकार परागकणांनीच होतो हे १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. परंतु त्यांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जो शेतकरी जन्मभर गवतात वावरतो, ज्याच्या नाकातोंडात परागकण सर्वांहून अधिक जातात, त्यालाच हा विकार सहसा होत नाही. कारण आणि कार्य यांची अशी उफराटी जोडी समोर असूनही पुढची शंभर वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

वळून पाहिले ते १९८९ साली, लंडनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी. १९५८ सालच्या मार्च महिन्यातील एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांचे दाखले त्यांनी तपासले, तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आढळली: घरात थोरली भावंडे जितकी अधिक, तितके धाकट्याला हे उन्हाळी पडसे कमी. भावंडांकडून लहानपणी मिळणारे जंतुसंसर्गच त्याला वाचवितात की काय, असा तर्क त्यांनी मांडला. त्याच सुमारास बर्लिनची भिंत पडली आणि म्युनिकच्या एरिका फॉन म्युटियस यांनी दोन जर्मनींतील मुलांची तुलना केली. पूर्वेकडच्या लाइपझिग आणि हाले शहरांवर कोळशाचा धूर, हवा गंधकाने कोंदलेली. तेथे दमा आणि वावडी अधिक निघणार अशीच सर्वांची अपेक्षा होती. निघाली ती उलट: अधिक ॲलर्जी स्वच्छ, संपन्न म्युनिकमध्ये होती. पुढे १९९८ साली ५६ देशांतील १३-१४ वर्षांच्या साडेचार लाखांवर मुलांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वरच्या टोकाला आणि हिंदुस्थान खालच्या टोकाजवळ होता. मुंबई, पुणे ही आपल्याकडची केंद्रे त्या पाहणीत होती.

परंतु देशांच्या तुलनेत एक अडचण असते. दोन देशांत हवा निराळी, अन्न निराळे, वंश निराळे. मग जंतूंनाच श्रेय का द्यावे? ही शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांनी केले. त्यांच्यापाशी आपण थोडे अधिक थांबू.

इंडियाना संस्थानातील आमिश आणि दक्षिण डकोटातील हटराइट हे दोन्ही समाज युरोपातून धर्मछळामुळे निघालेल्या एकाच पंथपरंपरेचे. रक्ताने जवळचे, कुटुंबे मोठी, आहार सारखा, घरात दूरचित्रवाणी नाही, कुत्रीमांजरी घरात नाहीत, मातेचे दूध दोहोंकडे दीर्घकाळ. फरक केवळ शेतीत. आमिश मंडळी आजही घोड्यांनी नांगरतात. प्रत्येक कुटुंबाचा आपला गोठा, तोही घरालगत. गर्भवती स्त्री तेथे काम करते आणि रांगते मूल तेथेच खेळते. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यांत्रिक. गोठे वस्तीपासून दूर, तेथे कामाला जातात ते प्रौढ पुरुष. आता आकडे पाहा. शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण हटराइटांत २१.३ टक्के, आमिशांत ५.२. वावड्याची रक्तातील लक्षणे हटराइटांत ३३.३ टक्के, आमिशांत ७.२. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा संशोधकांनी प्रत्येक समाजातील ३० मुले तपासली होती आणि घराघरांतील धूळ गोळा केली होती. त्या धुळीत जीवाणूंच्या बाह्यकवचाचा जो अंश असतो, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, तो आमिशांच्या घरी ६.८ पट अधिक होता.

मग त्यांनी जे केले त्याने माझ्यासारख्या व्यवसायी डॉक्टराची झोप उडाली. त्या धुळीचा अर्क त्यांनी उंदरांच्या नाकात घातला आणि त्याच उंदरांत दमा उत्पन्न करण्याचा प्रयत्न केला. हटराइट घरची धूळ मिळालेल्या उंदरांना दमा झाला. आमिश घरची धूळ मिळालेल्यांना त्याने जवळजवळ स्पर्श केला नाही. आणि ज्या उंदरांत जीवाणूंची चाहूल ओळखणारी यंत्रणाच जन्मतः मोडलेली होती, त्यांना आमिश धुळीचाही उपयोग झाला नाही. श्रोतेहो, ज्या धुळीला झाडूने बाहेर लोटण्यात आपण धन्यता मानली, तिच्यात एक संदेश होता. आणि तो वाचण्याची लिपी देहात होती! आल्प्सच्या पायथ्याच्या जर्मन, ऑस्ट्रियन आणि स्विस खेड्यांत मुलांच्या गाद्यांतील धूळ तपासून हाच निष्कर्ष २००२ सालीही निघाला होता: जेथे एंडोटॉक्सिन अधिक, तेथे वावडी कमी. गोठ्याचा वास, दावणीची ओली माती, गव्हाणीतला कडबा हे सारे ज्याच्या बालपणात होते, त्याला ह्या पाहण्या वाचताना काय वाटत असेल ते सांगावयास नको.

आता ही शिकवणी चालते कशी? ह्याचे उत्तर आतड्यात आहे. आपल्या देहात आपल्या पेशींच्या संख्येला जवळजवळ तुल्य इतके जीवाणू राहतात, आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. देहाच्या संरक्षणदलात लढणाऱ्या पेशी आहेत तशा लढाई थांबविणाऱ्याही आहेत, हे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले. त्या कामाचा वाटा असलेल्या संशोधनाला २०२५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या नियामक पेशी म्हणजे जणू मामलेदार: शिपायाने तलवार उपसली तरी 'म्यान कर' असा हुकूम देण्याचा अधिकार ज्याला आहे तो. आणि हे मामलेदार आतड्यात पुरेसे नेमले जावेत यासाठी क्लॉस्ट्रिडिया वर्गातील काही निरुपद्रवी जीवाणू लागतात, हे केंया होंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली उंदरांवर दाखविले. दोन वर्षांनी त्यांनी माणसाच्या आतड्यातील असे १७ प्रकार निवडून वेगळे केले.

हे जीवाणू करतात काय? ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची टरफले, शेंगभाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवितात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. लॅटिनमधील लोण्याच्या शब्दावरून पडलेले हे नाव आहे, कारण ते प्रथम लोण्यात सापडले. हेच आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसते आणि नियामक पेशींची वाढ करते. (तूप खाऊन हेच साधेल काय, असे पुष्कळजण विचारतात; पण तुपातले आम्ल वरच्या आतड्यातच शोषले जाते, आणि मोठ्या आतड्यात ते जीवाणूंनीच तयार करावे लागते.)

ह्याहून प्रत्ययकारी प्रयोग शिकागोच्या कॅथरिन नॅगलर यांचा. पूर्णपणे जंतुरहित वाढविलेले उंदीर त्यांनी घेतले. काहींच्या आतड्यात निरोगी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतील जीवाणू सोडले; काहींत गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या बाळांचे. मग सर्वांना दुधातील एका प्रथिनाविरुद्ध चेतविले आणि परीक्षा घेतली. पहिल्या गटातील उंदीर निवांत राहिले. दुसऱ्या गटातील, तसेच जंतुरहितच राहिलेले, वावड्याच्या झटक्याने गारठले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात ॲनेरोस्टायपिस कॅके नावाचा एकच जीवाणू दिला तरी उंदरांचे रक्षण झाले. प्राउस्निट्झ यांच्या पोटावर १९२१ साली वावडे उसने आले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, उंदराच्या पोटात का होईना, मानवणे उसने आले.

ह्या शिकवणीला मुदत आहे, आणि हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. २०१२ साली बॉस्टन येथे सिद्ध झाले की जंतुरहित उंदराला जन्मतःच जीवाणूंची सोबत दिली तर त्याची दम्याची प्रवृत्ती आटोक्यात येते. तोच उंदीर प्रौढ झाल्यावर सोबत दिली तर नाही. माणसात ही मुदत पहिल्या काही महिन्यांची असावी असे पुष्कळ पुरावे सुचवितात. निसर्गाने तिची तजवीज किती आस्थेने केली आहे पाहा. मातेच्या दुधात साखर आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण असते ते काही गुंतागुंतीच्या शर्करांचे. आणि ह्या शर्करा बाळाला स्वतःला पचतच नाहीत. माता आपल्या रक्तातून जे घडविते ते बाळाला पचू नये, याचा अर्थ काय? अर्थ हा की तो घास बाळासाठी नाहीच. तो बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूंसाठी आहे. आई एका दुधावर दोघांना पोसते.

येथवर ऐकून आपल्यापैकी कोणी असा समज करून घेतला की सारेच जंतू आपले सोयरे आहेत, तर मी आपले नुकसान केले असे होईल. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाच्या कातडीकडे पुन्हा या. इसबाच्या चट्ट्यांवर दहांपैकी सुमारे सात रोग्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सापडतो, आणि तो तेथे केवळ भाडेकरू म्हणून राहत नाही. त्याचे एक विष थेट मास्ट पेशींना चिथावते, हे २०१३ साली दिसून आले. कातडीचा बांध मूळचाच कच्चा असेल तर हा जीवाणू तो अधिक पोखरतो, आणि त्या भेगांतून शेंगदाण्याचा, दुधाचा, धुळीचा अंश आत शिरून त्यांच्या नावाचे हुकूमनामे निघू लागतात. उलट निरोगी कातडीवर त्याच कुळातील स्टॅफिलोकॉकस होमिनिससारखे जीवाणू राहतात, जे ऑरियसला मारणारी द्रव्ये स्वतः स्रवतात. इसबाच्या रोग्यांत हे रखवालदार कमी झालेले आढळतात. एकाच कुळातील दोन भाऊबंद: एक घर पेटवितो, दुसरा विझवितो. म्हणून 'जंतू चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणता जंतू, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वयात, असे विचारले पाहिजे.

त्याचप्रमाणे, घाण चांगली असाही अर्थ कोणी काढू नये. पटकीने आणि हगवणीने ज्यांची मुले गेली त्या मातांच्या पिढ्या आपल्या घराण्यांत होऊन गेल्या आहेत. मलमूत्राने दूषित पाणी हे तेव्हाही विष होते आणि आजही आहे. हात धुणे आणि लस टोचणे यांत कसूर करण्याची मुभा हे शास्त्र कोणालाही देत नाही. लंडनचे ग्रॅहम रूक यांनी २००३ साली एक शब्दप्रयोग केला, 'जुने मित्र', आणि मला तो, स्ट्रॅचन यांच्या तर्काला पडलेल्या 'स्वच्छतेचा सिद्धांत' ह्या नावापेक्षा, पुष्कळ खरा वाटतो. माती, गुरे, भावंडे, मातेचे अंग आणि दूध, अन्नातील चोथा, ह्यांतून लाखो वर्षे आपल्याबरोबर चालत आलेले हे सोबती. पटकीचा जंतू त्यांच्यात कधीच नव्हता. आपण शत्रूला हाकलण्यासाठी जे दार लावले, त्याने सोबतीही बाहेर राहिले.

आणि आपण ते दार अनेकदा विनाकारण लावतो, हे मी पोटतिडकीने सांगतो. साध्या पडशाला, जे विषाणूंनी होते आणि ज्यावर अँटिबायोटिकाचा काडीचा परिणाम होत नाही, त्याला वर्षाच्या आतील बाळांना अँटिबायोटिक लिहून दिलेले कागद मी नित्य पाहतो. प्राण वाचविण्यासाठी ते औषध द्यावेच लागते, आणि तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये. परंतु पालकांच्या समाधानासाठी दिलेली प्रत्येक पुडी ह्या पहिल्या शिकवणीचा एकेक धडा पुसून टाकते. उलट बाजूस, बाटलीत भरून विकले जाणारे जीवाणू सर्वांना तारतील ही आशाही आज जपूनच बाळगावी. फिनलंडमधील टुर्कू येथे गर्भवतींना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी हा एक जीवाणू दिल्यावर दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले, असे २००१ साली जाहीर झाले, तेव्हा आम्हा सर्वांना उमेद आली होती. परंतु जर्मनीत तोच प्रयोग केला तेव्हा असा फरक दिसला नाही. एका सोबत्याने गाव वसत नाही.

मग त्या मातेला मी काय सांगतो? पहिली गोष्ट ही की, बाई, ह्यात तुमचा अपराध नाही. कातडीचा कच्चेपणा पुष्कळदा जन्माबरोबर येतो. कातडी रोज दोन वेळा मलमाने मऊ ठेवा, बांध आधी दुरुस्त होऊ द्या. मूल जमिनीवर सोडा. मोठ्या बहिणीला त्याला उचलू द्या, त्याच्याशी खेळू द्या. आजोळी गोठा असेल तर सुट्टीत तेथे न्या आणि उंबऱ्यावर उभे करून परत आणू नका. जेवणापूर्वी हात मात्र धुवा.

एवढे सांगून झाल्यावर मला नेहमी फिनलंडमधील त्या बालवाड्या आठवतात. तेथील शहरांतल्या काही बालवाड्यांची अंगणे खडीने आणि रबरी पट्ट्यांनी मढविलेली होती. संशोधकांनी जंगलातील जमिनीचा वरचा थर, मॉस, गवत आणि ब्लूबेरीच्या झुडपांसकट, उचलून आणून त्यांपैकी काही अंगणांत अंथरला. तीन ते पाच वर्षांची मुले त्यात बसली, उकरू लागली, रोपे लावू लागली. २८ दिवसांनी, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींप्रमाणे, त्यांच्या कातडीवरील जीवाणूंचे प्रकार वाढलेले होते, आणि लढाई थांबविणाऱ्या त्या नियामक पेशींच्या खुणा रक्तात वर गेलेल्या होत्या. मुलांना ह्यातले काही सांगितलेले नव्हते. ती फक्त मातीत खेळत होती.